नांगराआधीची वाट

पुण्याभोवतीच्या डोंगरउतारांवर, जिथे मुरूम उघडा पडलाय आणि गवत विरळ आहे, तिथे कधी कधी गारगोटीच्या नखाएवढ्या कपच्या सापडतात. दुधी, तपकिरी, क्वचित लालसर. उन्हाकडे धरली तर पातळ कडेतून उजेड झिरपतो. नीट निरखलं की लक्षात येतं, ही आपोआप फुटलेली नाही. दोन्ही कडा समांतर, पाठीवर सरळ कणा. कुणीतरी मोठ्या गारगोटीवर नेमका दाब देऊन ती सोलून काढली आहे. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीने बसवली की सुरी तयार, विळा तयार. एक पातं बोथट झालं तर तेवढंच बदलायचं! लोखंड येण्याच्या हजारो वर्षं आधीची ही अक्कल आहे.

या कपच्या नेमक्या कुठे सापडतात आणि कुठे सापडत नाहीत, हा प्रश्न दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी धरून ठेवला. ते गणिती. नोकरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, घर पुण्यात भांडारकर संस्थेजवळ, जाणं-येणं डेक्कन क्वीनने. हजारो प्राचीन नाणी तोलून त्यांच्या झिजेवरून काळाचा क्रम लावणारा हा माणूस पुण्याभोवतीचे डोंगर पायी पालथे घालत असे. खोदायचं नाही, फक्त चालायचं, बघायचं आणि गावकऱ्यांना विचारायचं.

त्यांना त्या कपच्यांमागे एक वाट दिसली. खालच्या खोऱ्यात दाट रान आणि जड काळी माती. दगडी हत्याराने ना ते रान तुटणार, ना ती माती फुटणार. म्हणून माणसं जनावरं घेऊन पातळ मातीच्या उतारांवरून हिंडत राहिली. लोखंडी फाळ आला तेव्हा गावं खाली उतरली. देवी मात्र वरच राहिल्या, असं कोसंबींचं म्हणणं. गावापासून लांब, माळावर, शेंदूर फासलेला तांदळा आणि वर्षातून एकदा तिकडे जाणारी पालखी, हे दृश्य आपण इतकं पाहिलेलं असतं की त्याचं कोडं पडत नाही. त्यांना पडलं. अशा कितीतरी जागा जुन्या वाटांच्या मिलनस्थळी आहेत हे त्यांनी दाखवलं, आणि १९६२ साली ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात ते मांडलं. कार्ल्याला चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा आहे, आणि तिच्या दर्शनाला किनाऱ्यावरचे कोळी घाट चढून येतात. वाडेबोल्हाईच्या बोल्हाईला मेंढी चालते, शेळी नाही. तिचे भक्त आजही शेळीचं मटण वर्ज्य मानतात आणि पुण्यात दुकानांवर ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी असते. मेंढपाळांची एक आठवण खाटकाच्या पाटीवर टिकून आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ती वाट अजून चालती आहे. पावसाळा संपला की धनगर पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून मेंढरं घेऊन पश्चिमेकडे, कोकणाकडे निघतात. पाऊस यायच्या आत परततात, कारण मेंढीला मुसळधार पाऊस सोसत नाही. कोसंबींनी टिपलेली एक गोष्ट तर अंगावर काटा आणते. एडके खच्ची करताना धनगर सुरी वापरत नसत, तिथल्या तिथे गारगोटी फोडून ताजी कपची वापरत. निर्जंतुक न केलेल्या धातूच्या पात्याने जखम चिघळण्याची भीती असते, ताज्या फुटलेल्या दगडाने ती कमी असते. म्हणजे अश्मयुगातलं तंत्र विसाव्या शतकात, पुण्याच्या आसपास, चांगल्या वैद्यकीय कारणासाठी जिवंत होतं.

खोदाई न करता, चालत केलेली अशी पाहणी ब्रिटनमधल्या वेल्सच्या डोंगरी गायरानांवरही होते. अभ्यासक ठरावीक अंतर सोडून रांगेने चालतात आणि दगडांचे ढीग, मोडकी कुंपणं, उन्हाळी वस्त्यांचे चौथरे नोंदवतात. तिथे जनावरं राखणाऱ्यांचं हिवाळी घर खाली असे आणि उन्हाळी वर. जिथे नांगर फिरला नाही तिथे जमिनीने आपली खूण जपली, हे दोन्हीकडे सारखंच.

उघड्यावर मिळालेल्या वस्तूला मातीचे थर नसतात, त्यामुळे तिचा काळ ठरवणं अवघड जातं. कोसंबींचे काही दुवे तर्कच राहिले आहेत. पण त्यांनी दाखवलेली दिशा फळली. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने पुढे धनगरांत वावरून त्यांच्या ओव्या जमवल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांचा माग काढला.

कोसंबींनी ज्याच्याविषयी लिहिलं त्या म्हातोबा देवाच्या हिंजवडीत आता आयटी पार्क आहे. इतिहास जमिनीच्या वरच पडलेला असेल तर बुलडोझरच्या एका फेऱ्यात तो जातो. म्हणून डोंगरावर अशी कपची दिसली तर खिशात घालू नका. सुटी कपची फारसं बोलत नाही. ती कुठे पडली होती, जवळ पाणी कुठे, देवीचं ठाणं कुठे, वाट कुठली, यावरच सारं अवलंबून असतं. जागेवर असतानाच फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा आणि डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.