आघातलहरी आणि महाडची कसोटी

भातलावणीच्या दिवसांत महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर वाकून राबणारी कंबर, भारा पेलणारा खांदा आणि चढ-उतार तुडवणारी टाच यांची झीज कोणत्याही हिशेबवहीत नोंदली जात नाही. दुखणे जुने झाले, की पूर्वी हाडवैद्याचा लेप ठरलेला असे. आता शहरातला एखादा नातलग ‘शॉकवेव्ह’ घेण्याचा सल्ला देतो. त्यासाठी पुणे वा मुंबई गाठायची, तर उपचाराच्या खर्चात एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी यांची भर पडते. आणि अशा फेऱ्या बहुधा तीन ते पाच कराव्या लागतात. म्हणूनच या यंत्राचे खरे मोल काय, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही.

प्रथम नावाचा गैरसमज दूर केला पाहिजे. हा विजेचा झटका नव्हे. क्षणार्धात दाब वाढविणारी ध्वनीची लहर त्वचेवरून आत सोडली जाते, म्हणून तिला आघातलहर म्हणावे. १९८० साली म्युनिक येथे डॉर्नियर कंपनीच्या यंत्राने अशा लहरींनी मूत्रपिंडातील खडा शस्त्रक्रियेविना फोडण्यात आला. पुढे १९९१ मध्ये वाल्चानोव व मिखाइलोव या बल्गेरियन डॉक्टरांनी न जुळणाऱ्या हाडांवर तिचा प्रयोग प्रसिद्ध केला. येथे काही फोडायचे नसते. त्या सूक्ष्म आघाताने पेशी जाग्या व्हाव्यात, नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात आणि रेंगाळलेली दुरुस्ती पुन्हा सुरू व्हावी, अशी त्यामागील कल्पना आहे.

कल्पना आकर्षक असली, तरी पुरावा सर्वत्र सारखा नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या १४४ रुग्णांच्या चाचणीत, खांद्याच्या कंडरेत चुना साठलेल्यांना या उपचाराचा स्पष्ट लाभ झाला. न जुळलेल्या लांब हाडांच्या १२६ रुग्णांवरील २००९ च्या इटालियन अभ्यासात तो सहा महिन्यांअंती शस्त्रक्रियेच्या तोडीचा ठरला. उलट टाचदुखीवर २००० साली अमेरिकेत यंत्राला मान्यता मिळाली असता, २००२ मधील १६६ रुग्णांच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत खऱ्या आणि खोट्या उपचारांत फरक दिसला नाही. तेव्हा एकाच यंत्राने सर्व दुखणी बरी होतात, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्यास आधार नाही.

पुराव्याचा हा आग्रह महाडला परका नाही. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग रूढ करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर याच महाडचे. त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांची चाचणी करून २०११ साली प्रसिद्ध केली, आणि नुसत्या प्राझोसिनपेक्षा त्याच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असा निष्कर्ष मांडला. ज्या औषधाने आपले नाव झाले, त्यालाच कसोटीवर लावण्याचे हे धैर्य ज्या गावाने पाहिले, त्या गावाने यंत्राच्या लखलखाटापुढे मान का तुकवावी?

रुग्णाने चार प्रश्न अवश्य विचारावेत. माझ्या दुखण्याचे नेमके निदान काय? क्ष-किरण चित्र काढले का? याच दुखण्यावर लाभ सिद्ध झाला आहे का? विश्रांती आणि नियमित व्यायाम पुरेसा काळ करून पाहिला का? गर्भवतींना व त्या जागी गाठ असलेल्यांना हा उपचार देऊ नये आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ते आधी सांगावे, हेही ध्यानात असावे. ताज्या मोडलेल्या हाडाला तर प्रथम नीट बसवून स्थिर करणे, याला पर्याय नाही.

शासनाकडे मागणी करायचीच, तर ती महागड्या यंत्राची नव्हे. योग्य निदान करणारा डॉक्टर आणि व्यायाम शिकविणारा भौतिकोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कायम असावा, ही असावी. ती पुरी झाली, तर पोलादपूरच्या शेतकऱ्याच्या कित्येक फेऱ्या वाचतील; आणि ज्याला आघातलहरींची खरी गरज आहे, त्याला शहरात पाठविताना ‘का’ याचे उत्तरही हाती असेल.