प्रलेखशोधन, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरचे

मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरबरोबर दिल्या जाणाऱ्या लिखित माहितीतील शुद्धलेखनाचे व टंकलेखनाचे दोष शोधून ते रीतसर दुरुस्त करण्याच्या कार्यास प्रलेखशोधन म्हणता येईल. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व पुन्हा वितरित करता येते, त्यास मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. लिनक्स ही संगणकप्रणाली, फायरफॉक्स हा ब्राउझर व लिबरऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच ही त्याची परिचित उदाहरणे होत. वापरपुस्तिका, स्थापनेच्या सूचना, आज्ञांची संदर्भपृष्ठे, संहितेत लिहिलेल्या टिपा व पडद्यावर उमटणारे संदेश या सर्वांचा समावेश प्रलेखांत होतो. छापखान्यातील मुद्रितशोधनाशी या कार्याचे निकटचे नाते आहे. तथापि दोहोंत एक मूलभूत फरक आहे. छापील पुस्तकातील अक्षर केवळ माणूस वाचतो. प्रलेखातील अक्षर पुष्कळदा माणूस व यंत्र असे दोघेही वाचतात. त्यामुळे दोष दिसताच तो सुधारण्यापूर्वी ‘हे अक्षर कोण वाचणार आहे ?’ हे ठरविणे, हा प्रलेखशोधनाचा पहिला नियम ठरतो.

पूर्वपीठिका : संगणकाच्या प्रलेखांत दोषांची उघड नोंद ठेवण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी तयार केलेल्या युनिक्स या प्रणालीची पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये प्रथम सिद्ध झाली. तीत प्रत्येक आज्ञेच्या वर्णनासोबत तिच्यातील ज्ञात दोष सांगणारा स्वतंत्र भाग होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर बदलण्याचा हक्क असून त्याची पुस्तिका बदलण्याचा हक्क नसेल, तर सॉफ्टवेअर सुधारणाऱ्यास आपल्या सुधारणेचे यथार्थ वर्णन करता येत नाही, ही त्यांची भूमिका होती. तिला अनुसरून ग्नू मुक्त प्रलेखन परवाना २००० मध्ये प्रसृत झाला. या परवान्यात लेखकास काही भाग ‘अपरिवर्तनीय’ म्हणून राखून ठेवता येतात. अशा भागातील मजकूर मूळ शब्दांतच जतन करावा लागतो. या कारणाने असे भाग असलेल्या पुस्तिका मुक्त मानता येणार नाहीत, असा निर्णय डेबियन या प्रकल्पाने २००६ मध्ये मतदानाने घेतला. एखादे अक्षर सुधारण्याची मुभा हा येथे केवळ सोयीचा नव्हे, तर हक्काचा प्रश्न असतो, हे यावरून स्पष्ट होते.

दोषांचे प्रकार व परिणाम : फ्रेडरिक डॅमेराउ यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले, की शब्दलेखनातील ८० टक्क्यांहून अधिक चुका चार साध्या प्रकारांत मोडतात : एक अक्षर गळणे, एक अधिक पडणे, एकाऐवजी दुसरे पडणे आणि लगतच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. गद्य वाक्यातील अशा चुकीने वाचक क्षणभर अडखळतो, पण संदर्भावरून अर्थ लावून घेतो. यंत्रास अर्थ लावता येत नाही. आज्ञेच्या नावात एक अक्षर चुकले, तर ती आज्ञा चालत नाही. नवशिका वाचक अशा वेळी पुस्तिकेस दोष न देता स्वतःसच देतो व पुष्कळदा प्रयत्न सोडून देतो.

काही दोष डोळ्यांस जवळजवळ दिसतच नाहीत. आज्ञेतील पर्याय दर्शविण्यासाठी कळफलकावरील आखूड आडवी रेषा वापरतात. शब्दसंस्करण करणारी सॉफ्टवेअरे अशा दोन रेषांची मिळून आपोआप एक लांब रेषा करतात आणि सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करतात. पान त्यामुळे अधिक नेटके दिसते. परंतु तेथून उतरवून घेतलेली आज्ञा यंत्र नाकारते.

आज्ञा न चालणे हा त्यातल्या त्यात सौम्य परिणाम होय. ती भलतेच काम करून बसली, तर हानी मोठी होते. बंबलबी या मुक्त-स्रोत प्रकल्पाच्या स्थापनेसाठी लिहिलेल्या आज्ञांत २०११ मध्ये एका मार्गनामाच्या मध्ये एक रिकामी जागा पडली. तो मार्ग पुसून टाकण्याच्या आज्ञेने त्या एका जागेमुळे एका लहान घटकाऐवजी प्रणालीचा एक प्रमुख विभागच पुसून टाकला. हा दोष संहितेतील असला, तरी त्याच धाटणीच्या आज्ञा पुस्तिकांतूनही छापलेल्या असतात व वाचक त्या जशाच्या तशा उतरवून घेतात.

साधने : ‘स्पेल’ या नावाची शब्दतपासणीची एक आज्ञावली राल्फ गोरिन यांनी स्टॅनफर्ड येथे १९७१ मध्ये लिहिली. युनिक्सवरील त्याच नावाची आज्ञावली स्टीव्हन जॉन्सन यांनी १९७५ मध्ये रचली व डग्लस मॅकिलरॉय यांनी ती पुढे विकसित केली. त्या काळच्या ६४ किलोबाइटांच्या स्मृतीत सुमारे ३०,००० शब्दांची सूची बसविणे, हे तीतील मुख्य कौशल्य होते. लास्लो नेमेथ यांचे हनस्पेल हे साधन अलीकडे फायरफॉक्स व लिबरऑफिस यांत वापरले जाते. अशी साधने कोशात नसलेला प्रत्येक शब्द संशयास्पद ठरवितात. प्रलेखांत आज्ञांची, फाइलींची व चलांची नावे विपुल असल्याने निर्दोष शब्दांचीच यादी फार लांबते. यावर उपाय म्हणून कोडस्पेल हे साधन उलट मार्गाने जाते. वारंवार होणाऱ्या चुकांची सूची जवळ ठेवून ते केवळ तेवढ्याच चुका शोधते. लिनक्सच्या मूळ संहितेतही अशी सूची २०१४ मध्ये समाविष्ट करण्यात आली. मात्र शब्द शुद्ध असून जागा चुकली असेल, तर तो दोष कोणत्याही सूचीस सापडत नाही. एखाद्या वाक्यातील नकार गळाला, तर उरलेले सर्व शब्द शुद्धच असतात. अशा ठिकाणी विषय जाणणाऱ्या वाचकाचा डोळा हेच साधन होय.

कार्यपद्धती : दोन मजकुरांतील फरक ओळीओळीने दाखविणारी ‘डिफ’ ही आज्ञावली बेल प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास तयार झाली. तो फरक मूळ मजकुरास आपोआप लावणारी ‘पॅच’ ही आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिली. या दोहोंमुळे संपूर्ण पुस्तिका न पाठविता केवळ दुरुस्ती पाठविणे शक्य झाले. लिनस टॉरव्हॉल्ड्‌स यांच्या गिट (२००५) या साधनाने प्रत्येक बदलाचा कर्ता, वेळ व कारण यांचा इतिहास कायम राखण्याची सोय केली.

दुरुस्ती करणाऱ्याने प्रथम प्रलेखाची अद्ययावत प्रत पाहावी लागते, कारण दोष आधीच दूर झालेला असू शकतो. नंतर ते पान हाताने लिहिलेले आहे की संहितेतील टिपांवरून यंत्राने तयार केलेले आहे, हे तपासावे लागते. यंत्राने केलेल्या पानावरील दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाते. ती मूळ टिपेतच करावी लागते. दुसऱ्या प्रकल्पातून घेतलेला मजकूर त्या मूळ प्रकल्पाकडेच दुरुस्तीसाठी पाठवितात. परवान्याचा मजकूर, अवतरणे व बदलांच्या जुन्या नोंदी यांना सहसा हात लावीत नाहीत. एका दुरुस्तीत एकाच प्रकारचे बदल असावेत, शुद्धलेखनाच्या आडून मजकुराचा अर्थ बदलू नये आणि केलेल्या बदलाचे कारण एका वाक्यात नोंदवावे, हे संकेत बहुतेक प्रकल्पांत पाळले जातात. लिनक्समध्ये क्षुल्लक दुरुस्त्यांसाठी एके काळी स्वतंत्र व्यवस्था होती. तेथे स्वीकारार्ह ठरणाऱ्या बदलांत प्रलेखांतील शुद्धलेखनाबरोबरच, ज्यामुळे संहितेत शब्द शोधणे विफल होईल अशा चुकांचाही स्पष्ट उल्लेख असे. चुकीचा लिहिलेला शब्द शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही, हे त्यामागील कारण होय.

मर्यादा : सर्वच अशुद्ध रूपे सुधारण्याजोगी नसतात. युनिक्समध्ये नवी फाइल निर्माण करणाऱ्या आज्ञेचे नाव इंग्रजी ‘क्रिएट’ या शब्दातील अखेरचे ई हे अक्षर गाळून ठेवलेले आहे. युनिक्स पुन्हा रचावयाचे झाल्यास आपण ते अक्षर घालू, असे टॉम्प्सन यांनी विनोदाने म्हटले होते. नाव मात्र तसेच राहिले. वाचक कोणत्या पानावरून आला हे कळविणाऱ्या ‘रेफरर’ या संकेतनामाची कथा अधिक बोधप्रद आहे. मूळ प्रस्तावात या शब्दातील एक आर गळाला. त्या काळच्या युनिक्सवरील शब्दतपासणीस शुद्ध व अशुद्ध अशी दोन्ही रूपे अपरिचित होती, असे रॉय फील्डिंग यांनी १९९५ मध्ये नमूद केले. १९९६ च्या प्रमाण-मसुद्यात ते रूप तसेच आले आणि तोवर अनेक आज्ञावल्या त्यावर विसंबल्या असल्याने २०२२ च्या मसुद्यातही ते कायम आहे. पुढे याच विषयासंबंधी आलेल्या दुसऱ्या एका संकेतनामात मात्र शुद्ध रूप योजले गेले. परिणामी एकाच पानावर दोन्ही रूपे आपापल्या जागी बरोबर असतात. केवळ कोश पाहून यांतील पहिले सुधारणारा शोधक बरोबर लिहिलेली पुस्तिका चुकीची करील.

दुरुस्तीचा परिणाम अनुवादांवरही होतो. ग्नूच्या गेटटेक्स्ट पद्धतीत मूळ इंग्रजी वाक्य हीच त्याच्या अनुवादाची खूण असते. मूळ वाक्यातील एक अक्षर बदलले, तरी सर्व भाषांतील त्याचे अनुवाद ‘अनिश्चित’ ठरतात आणि अनुवादकाने ते पुन्हा तपासून मान्य करीपर्यंत वापरणाऱ्यास सामान्यतः इंग्रजी वाक्यच दिसते. म्हणून ग्नोमसारखे प्रकल्प नवी आवृत्ती निघण्यापूर्वी काही काळ वाक्ये गोठवितात. त्या काळात दिसलेली चूकही परवानगीखेरीज सुधारीत नाहीत.

श्रम व श्रेय : प्रलेखशोधनास फारसे पूर्वज्ञान लागत नसल्याने अनेक जण मुक्त-स्रोत कार्यात याच दाराने प्रवेश करतात. त्याचे श्रेय मानण्याचीही परंपरा आहे. टेक् ही अक्षरजुळणीची प्रणाली निर्माण करणारे डोनाल्ड क्‌नूथ हे आपल्या पुस्तकांतील दोष प्रथम कळविणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंटांचे पारितोषिक देत आले. त्यात मुद्रणदोषही मोडतात. फसवणुकीच्या भीतीने २००८ पासून खऱ्या धनादेशाऐवजी ते एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देऊ लागले. मिळालेले धनादेश न वटविता जपून ठेवण्याकडेच अनेकांचा कल असे.

श्रेयाच्या लोभाचे दुष्परिणामही दिसून आले आहेत. ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने बदल सुचविणाऱ्यास सदरा भेट देणारा हॅक्टोबरफेस्ट हा उपक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. २०२० मध्ये त्यानिमित्त निरर्थक शाब्दिक बदलांचा एवढा भडिमार झाला, की ज्या प्रकल्पांनी स्वतःहून संमती दिली असेल त्यांच्यापुरताच तो मर्यादित करावा लागला. एक अक्षर बदलण्यास क्षण पुरतो. पण तो बदल वाचणे, पडताळणे व स्वीकारणे हे काम कोणा तरी स्वयंसेवकास करावे लागते. यंत्राकडून दुरुस्त्या सुचवून घेणे सोपे झाल्यापासून पडताळणीचे महत्त्व वाढले आहे.

मराठीतील स्थिती : फायरफॉक्स, लिबरऑफिस, ग्नोम इ. सॉफ्टवेअरांची मराठी रूपे स्वयंसेवकांच्या श्रमातून तयार झाली आहेत. त्यांच्या शोधनासाठी १९६२ चे शुद्धलेखनाचे १४ नियम व त्यांत १९७२ मध्ये पडलेली ४ नियमांची भर हा आधार उपलब्ध आहे. तथापि मराठीपुढे आणखी एक अडचण आहे. दिसण्यात एकच असलेले अक्षर यंत्रात दोन प्रकारे साठविले जाऊ शकते. ‘ऱ्या’मधील अर्धा र हा स्वतंत्र सांकेतिक अक्षर घेऊन लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही लिहिता येतो. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वी ते अ व चंद्र यांच्या जोडणीने लिहीत आणि ती पद्धत अद्याप आढळते. परिणामी ‘दऱ्या’ किंवा ‘ॲप’ हा शब्द एका पद्धतीने लिहून शोधणाऱ्यास दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले पान सापडत नाही. दोन्ही पाने वाचणाऱ्यास निर्दोषच भासतात. या दोषाचे निवारण शब्दागणिक दुरुस्त्यांनी होत नाही. प्रत्येक प्रकल्पाने एक पद्धत निश्चित करून तीच सर्वत्र योजणे आवश्यक असते. मराठी प्रलेखशोधकास म्हणून शुद्धलेखनाच्या नियमांबरोबर अक्षरांच्या सांकेतिक घडणीचेही ज्ञान असावे लागते.