सही केली की उठू नका

आमच्या गटाच्या बैठकीत पूर्वी बायका यायच्या, बचत भरायच्या, सही करायच्या नि उठायच्या. बोलायच्या फक्त अध्यक्ष आणि सचिव. एकीने गट सोडला तेव्हा कळलं, हप्त्याची तारीख तिला जमत नव्हती. आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक बघा. बायका अंगठा लावतात म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा अर्ज केला आणि १९९७ साली बँक उभी राहिली. बँकेत जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, असं सभासद म्हणाल्या. मग बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली. सभासदाची अडचण ऐकली की नवी वाट सापडते.

आता आम्ही गोल बसतो. पैसे मोजण्याआधी प्रत्येकीला विचारतो, "तुझं काय अडलंय?" उत्तर वहीत लिहितो आणि पुढच्या बैठकीत आधी तेच वाचतो. बैठक चालवायची पाळी दर महिन्याला नवीकडे. हप्ता आता दुधाचं बिल मिळाल्यावर.

गेलेली मैत्रीण अजून परतलेली नाही. पण आम्ही तिच्या घरी जाऊन आलो. तुमच्या गटात शेवटची कोण बोलली नाही, ते आज आठवा आणि तिला विचारा.