बडोद्याच्या भिंती व बडोद्याचे ग्रंथ

जुन्या पोथ्यांचा नाद असलेल्या मंडळींस बडोदें हें नांव ऐकतांच तेथील प्राच्यविद्यामंदिर आठवतें. सन १९१६ त राजशेखराच्या काव्यमीमांसेनें आरंभ झालेल्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेनें किती दुर्मिळ ग्रंथ उजेडांत आणिले हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु या मालेंतील तीन ग्रंथांचा बडोद्याशीं आणखी एक संबंध आहे, व त्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. या तिन्ही ग्रंथांत भिंतीवर चित्रें कशीं काढावीं व कोठें काढावीं याचें शास्त्र सांगितलें आहे. आणि ज्या शहरांत ते छापले गेले, त्याच शहरांत पाहण्याजोग्या चित्रित भिंती आहेत. पोथी वाचणारे भिंतीकडे गेले नाहींत व भिंत पाहणाऱ्यांनीं पोथी उघडली नाहीं. आम्ही स्वतः पुष्कळ वर्षें पहिल्या वर्गांतलेच होतों. तें दोन्ही एकत्र ठेवून पाहिल्यास काय हातीं लागतें, एवढेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

ग्रंथ तीन ते असे. भोजाचें समरांगणसूत्रधार गणपतिशास्त्री यांनीं संपादिलें, तें दोन भागांत १९२४ व १९२५ सालीं निघालें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासाचा पहिला भाग श्रीगोंदेकर यांनीं १९२५ त व दुसरा १९३९ त प्रसिद्ध केला; चित्रविषयक प्रकरण या दुसऱ्या भागांत आहे. विष्णुधर्मोत्तराचा तिसरा खंड प्रियबाला शहा यांच्या संपादनानें १९५८ सालीं बाहेर पडला. त्यांतील ३५ ते ४३ हे नऊ अध्याय चित्रसूत्र या नांवानें ओळखले जातात.

यांपैकीं आमच्या प्रस्तुत कामास विष्णुधर्मोत्तर व मानसोल्लास हे दोन अधिक उपयोगी आहेत. भिंतीचा लेप कसा करावा हें चित्रसूत्रांत सांगितलें आहे. विटांचा चुरा, माती, गुग्गुळ, मेण, गूळ, करडईचें तेल, भाजलेला चुना, बेलफळाचा गर असें तें साहित्य. सोमेश्वराची कृति याहून वेगळी आहे. म्हशीचें कातडें पाण्यांत शिजवून लोण्यासारखें मऊ करावें, त्याच्या कांड्या वाळवून ठेवाव्या, आणि लागेल त्या वेळीं ऊन पाण्यांत विरघळवून पांढऱ्या मातीबरोबर भिंतीवर तीन वेळां सारवावें. यास तो वज्रलेप म्हणतो. म्हणजे येथें रंग धरून ठेवण्याचें काम सरसाचें आहे. ओल्या चुन्यांत रंग मुरविण्याची पाश्चात्य फ्रेस्को पद्धति ती ही नव्हे. आपल्याकडे कोणतेंही जुनें भित्तिचित्र दिसलें कीं त्यास फ्रेस्को म्हणण्याची चाल पडली आहे, ती सोडून द्यावी हें बरें. कोरड्या भिंतीवरील सरसाचा रंग पाण्याच्या ओल्या बोळ्यानेंही सुटतो. भिंत धुऊन चित्र स्पष्ट करूं पाहणाऱ्यांनीं किती चित्रें नाहींशीं केलीं असतील याची कल्पना करवत नाहीं.

लेपाच्या कृतीपेक्षांही महत्त्वाचा असा एक नियम चित्रसूत्राच्या शेवटच्या अध्यायांत आहे. गृहस्थाच्या घरांत शृंगार, हास्य व शांत या तीनच रसांचीं चित्रें असावीं. युद्ध, स्मशान, करुण, मृत व अमंगल असें कांहीं घरांत नसावें. देवालयांत व राजसभेंत मात्र सर्व रस चालतात. आणि आपल्या घरांत आपल्या हातानें चित्रकर्म करूं नये, असेंही तेथेंच म्हटलें आहे. या शेवटच्या निषेधाचें कारण ग्रंथकारानें दिलेलें नाहीं. चिताऱ्याची वृत्ति चालावी असा त्याचा हेतु असावा असें आम्हांस वाटतें, पण हा आमचा केवळ तर्क होय.

आतां हा नियम हातीं घेऊन रावपुऱ्यांतील तांबेकरांच्या वाड्यांत जावें. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे गणपतराव गायकवाड यांच्या कारकीर्दींत १८४९ पासून १८५४ पर्यंत बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा चारमजली वाडा मराठी घाटाचा असून सध्यां तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रक्षणाखालीं आहे. रस्त्यावरून पाहणाऱ्यास आंत काय आहे याचा पत्ता लागत नाहीं. वर चढून गेल्यावर लांकडी खांब, कोरीव कड्या आणि त्यांच्यामधल्या भिंती चित्रांनीं भरलेल्या दिसतात. कृष्णलीला आहेत, महाभारतांतील प्रसंग आहेत, नर्तकी व वादक आहेत, युरोपीय पोषाखांतील स्त्रिया आहेत, आणि मराठे व इंग्रज यांच्या युद्धाचे देखावेही आहेत.

कृष्णलीला व नर्तकी यांविषयीं शास्त्राची तक्रार नाहीं. पण गृहस्थाच्या माडीवर युद्ध कसें? चित्रसूत्राचा शब्द प्रमाण धरला तर हा सरळ दोष ठरतो. चिताऱ्यास शास्त्र ठाऊक नव्हतें असें म्हणून सुटणें सोपें आहे, आणि बहुधा त्यानें पोथी वाचलेलीही नसेल. तथापि आम्हांस यांत दुसरी एक गोष्ट दिसते. दिवाणाचा वाडा हें नुसतें घर नव्हे. तेथें माणसें कामाकरितां येतात, बसतात, वाट पाहतात. त्याची माडी ही अर्धी कचेरीच असते. ज्या भिंतींवर युद्ध आहे त्या भिंती धन्यानें घराच्या म्हणून न मानतां सभेच्या म्हणून मानल्या, असें समजल्यास शास्त्र व भिंत यांचा विरोध उरत नाहीं. म्हणून कोणत्या दालनांत कोणता विषय आहे याची नोंद झाली तर वाड्याच्या कोणत्या भागांत बाहेरच्या माणसाचा वावर होता व कोणता भाग कुटुंबाचा होता हें चित्रांवरूनच ताडून पाहतां येईल. हें काम कागदपत्रांनीं होण्यासारखें नाहीं. दिवाणखाना कोठें संपतो व माजघर कोठें सुरू होतें हें कोणी रोजकीर्दींत लिहून ठेवीत नसतो.

आणखी एक. मराठे व इंग्रज यांचीं युद्धें आपण बखरींतून, पत्रांतून व इंग्रजांच्या लिहिण्यांतून वाचतों. एकोणिसाव्या शतकांत, रेसिडेन्सीचा अंमल दरबारावर पुरता बसल्यानंतर, बडोद्यांतील एका कारभाऱ्याच्या घरीं तें युद्ध कोणत्या रूपानें आठवलें जात होतें, याचा पुरावा मात्र या भिंतीवर आहे. शिपायांचे पोषाख, तोफांचे गाडे, निशाणें यांतला तपशील चिताऱ्याच्या काळचा कीं युद्धाच्या काळचा, हें तपासण्याजोगें आहे. तपासणाऱ्यानें मोठ्या आकृतींपेक्षां कोपऱ्यांतल्या लहान आकृतींकडे आधीं पाहावें. ठरीव साच्याबाहेरचें कांहीं चिताऱ्यानें काढिलें असेल तर तें तेथें सांपडतें.

यानंतर राजा रविवर्मा यांच्या चित्रांचा उल्लेख ओघानेंच येतो. तीं भित्तिचित्रें नव्हत. कापडावर तैलरंगांनीं काढून भिंतीस लाविलेलीं आहेत. तरी विषयास सोडून नाहींत. सयाजीराव महाराजांनीं १८८८ सालीं सांगितलेलीं चौदा पौराणिक चित्रें दोन वर्षांत पुरीं झालीं. १८९० त तयार झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याकरितां तीं होतीं. पण तेथें लागण्यापूर्वीं मुंबई व बडोदें येथें तीं लोकांस पाहावयास ठेविलीं, व लोकांनीं मोठी गर्दी केली. राजवाड्याच्या भिंतीवर जावयाचें चित्र आधीं सर्व लोकांपुढें मांडावें ही गोष्ट त्या काळीं नवी होती. पुढें १८९४ त रविवर्म्यांनीं मुंबईस शिळाछापखाना काढिला, तो नंतर लोणावळ्याजवळील मळवलीस गेला, आणि त्या छापांनीं घरोघरच्या भिंती व्यापल्या. याचा एक परिणाम आमच्या विषयाच्या दृष्टीनें वाईट झाला असें आमचें मत आहे. चार आण्यांची तसबीर खिळ्याला लटकतां येऊं लागल्यावर भिंत रंगविण्यास चिताऱ्यास बोलावण्याचें कारण उरलें नाहीं.

राजाश्रयानें भिंत पुन्हा रंगली ती कीर्तिमंदिरांत. गायकवाड घराण्याच्या पूर्वजांचें स्मारक म्हणून सयाजीरावांनीं हें मंदिर १९३६ त बांधविलें, व त्याच्या आंतील चार भिंती रंगविण्यास शांतिनिकेतनाहून नंदलाल बसू यांस बोलाविलें. १९३९ त गंगावतरण झालें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत महाराज निवर्तले, परंतु काम थांबलें नाहीं. १९४० त मीराबाई, १९४३ त नटीर पूजा, आणि १९४६ पर्यंत अभिमन्यूचें युद्ध. पद्धति टेंपेरा, म्हणजे पुन्हा कोरड्या भिंतीवर बंधकद्रव्यांत कालविलेले रंग. सोमेश्वराच्या वज्रलेपाशीं तिचें गोत्र एकच. मानसोल्लासाचें चित्रप्रकरण ज्या वर्षीं बडोद्यांत छापून झालें त्याच वर्षीं त्याच शहरांत नंदलाल गंगावतरण काढीत होते, हा योगायोग लक्षांत आला तेव्हां आम्हीं पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसलों.

या चार विषयांत एक गोष्ट कोणाच्याही नजरेंत भरेल. घराण्याच्या कीर्तीचें मंदिर. पण या चार चित्रांत गायकवाडांचा पराक्रम नाहीं. पितरांच्या उद्धारासाठीं गंगा आणणारा भगीरथ तेवढा स्मारकास शोभतो. मीरा राजकुळाची मर्यादा ओलांडून गेलेली. नटीर पूजा या रवींद्रनाथांच्या नाटकांतील श्रीमती ही राजनर्तकी राजाज्ञा मोडून बुद्धाच्या स्तूपाची पूजा करते व प्राणास मुकते. शांतिनिकेतनांत या नाटकाचा प्रयोग झाला तेव्हां ती भूमिका नंदलालांची कन्या गौरी हिनेंच केली होती. अभिमन्यु तर वडील माणसांच्या अधर्मानें मारला गेलेला बाळ. राजाच्या द्रव्यानें बांधलेल्या मंदिरांत चित्रकारानें हे विषय काढावे व दरबारानें ते काढूं द्यावे, यांत दोघांचेंही मोठेपण आहे. शास्त्राच्या दृष्टीनें देवालयांत व राजसभेंत सर्व रसांस मोकळीक असल्यामुळें येथें दोष कांहींच नाहीं. उलट, नृत्य जाणल्यावांचून चित्र कळत नाहीं असें मार्कंडेयानें वज्र राजास सांगितलें आहे, त्याचें प्रत्यंतर श्रीमतीच्या चित्रापुढें उभें राहिलें असतां मिळतें.

१९५० त महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयांत ललितकला विभाग निघाला, नारायण श्रीधर बेंद्रे तेथें चित्रकला शिकवूं लागले, व बडोद्यांतील चित्रकारांचीं प्रदर्शनें बाहेरगांवीं गाजलीं. तो इतिहास अलीकडचा असून त्याची माहिती सुलभ आहे. येथें विस्तार करीत नाहीं.

आमच्या मंडळींनीं या बाबतींत काय करावें हें सांगण्यापूर्वीं स्वतःचा एक अपराध लिहून ठेवणें अवश्य आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही ज्या गांवीं नोकरीस होतों तेथील शाळा एका जुन्या वाड्यांत भरत असे. माडीवरील एका भिंतीवर रामपंचायतन व त्याच्या खालीं एका स्वारीचें चित्र होतें. घोडेस्वारांच्या पायांशीं बारीक बाळबोध अक्षरांत त्यांचीं नांवें लिहिलेलीं होतीं. तपासणीपूर्वीं सर्व भिंती स्वच्छ करण्याचें ठरलें. चुना आमच्याच वर्गांतील मुलांनीं कालविला व देखरेख आम्हीं केली. दुपारपर्यंत भिंत पांढरी झाली. त्या सुमारास आम्ही रोज सायंकाळीं चित्रसूत्र वाचीत होतों, व त्यांतील एका पाठाविषयीं एका स्नेह्याशीं पत्रोपत्रीं वाद घालीत होतों. भिंतीवरच्या नांवांपैकीं एकही नांव आज आम्हांस आठवत नाहीं.

पोथीचें एक पान फाटलें तर आपण हळहळतों व दुसरी प्रत शोधूं लागतों. भिंतीस दुसरी प्रत नसते. म्हणून प्रत करणें हेंच पहिलें काम. आणि तें आपल्यासारख्यांस अपरिचित नाहीं, कारण पोथीच्या वेळीं जी शिस्त आपण पाळतों तीच येथें लागते. वाड्याचा नकाशा काढून प्रत्येक भिंतीस दिशेप्रमाणें अंक द्यावा. चित्राची लांबीरुंदी व जमिनीपासूनची उंची मोजावी. छायाचित्र समोरून एक व बाजूच्या तिरप्या उजेडांत एक घ्यावें; तिरप्या उजेडांत चुन्याखालच्या रेषा व मागाहून बुजविलेल्या भेगा उठून दिसतात. अक्षरें असतील तर तीं जशींच्या तशीं, चुकांसह, उतरून घ्यावीं. मागाहून कोणी रंग भरला असल्यास तो प्रक्षेप समजून वेगळा नोंदावा, पण खरडून काढूं नये. ओलें फडकें भिंतीस लावूं नये, हें वर आलेंच आहे. तसेंच भिंतीचा तुकडा कापून संग्रहांत नेण्याचा मोह कोणास झाल्यास त्यानें तांबेकरांच्या वाड्याचें उदाहरण आठवावें: चित्र कोणत्या दालनांत आहे यावरच तेथें सर्व अर्थ अवलंबून आहे.

आपापल्या गांवच्या वाड्यांत, देवळांत किंवा मठांत भित्तिचित्रें असल्यास, अथवा आतां नष्ट झालेल्या चित्रांचीं जुनीं छायाचित्रें वा हातानें काढलेल्या नकला कोणाच्या संग्रहीं असल्यास, त्यांनीं स्थळ, भिंत व माप यांसह त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी. चित्र ओळखूं न आलें तरी चालेल. नांवें लिहिलेलीं असतील तर तीं मात्र आधीं उतरून घ्यावीं.