शेतकऱ्याच्या मुलाने पर्यावरणाचा कायदा शिकावा

मुलास वकील करावे, असे म्हणणारे बागायतदार आमच्या कन्नड तालुक्यात थोडे नाहीत. परंतु वकिली म्हणजे बांधाचे व वाटणीचे दावे, एवढेच त्यांच्या डोळ्यांपुढे असते. सांडपाण्याने विहीर नासली, तर दाद मागण्यास २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापिले आहे. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यास बसते. तेथे वादाचा अर्ज सामान्यतः ६ महिन्यांच्या व भरपाईचा ५ वर्षांच्या आत करावा लागतो. पंचनामा व पाण्याचा तपासलेला नमुना वेळीच न ठेवल्यास खरी तक्रारही लंगडी पडते. बारावीनंतरचा ५ वर्षांचा अभ्यासक्रम छत्रपती संभाजीनगरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठात आहे. मातीची पारख असलेला वकील आपल्याच घरातून निघावा, हे आमचे आग्रहाचे सांगणे होय.