गुलमर्ग : साहेबांचा खेळ, गावकऱ्यांची भाकर

काश्मीरमधले गुलमर्ग आपण सिनेमात पाहिलेले असते. सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या या पठारावर इंग्रज साहेब उन्हाळा घालवायला येत. १९२७ साली त्यांनी इथे स्कीचा क्लब काढला. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचे, असा हा खेळ. महागडाच म्हणायचा!

उतरणे सोपे, पण चढायचे कसे? त्यासाठी तारेवरून जाणारे पाळणे आहेत. त्यांना गोंडोला म्हणतात. १९९८ मध्ये ते कोंगदूरीपर्यंत जाऊ लागले आणि २००५ मध्ये थेट अफरवट डोंगरावर. तिथे हवा इतकी विरळ की चार पावलांत धाप लागते.

पाहुण्यांना घसरगाडीवर बसवून ओढणारे, वाट दाखवणारे गडी मात्र आसपासच्या गावांतले. जून २०१७ मध्ये वाऱ्याने झाड तारेवर कोसळले आणि पाळणा खाली पडला. सात जण दगावले. त्यांत तिघे स्थानिक वाटाडे होते.

जवळच्याच तंगमर्गचा आरिफ खान. वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचे दुकान, त्यामुळे पोर लहानपणीच बर्फावर उतरले. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलम शर्यतीत तो ४५ वा आला.

जानेवारी २०२४ मध्ये मात्र गुलमर्गचे उतार कोरडेच होते. महिना सरता सरता बर्फ पडले, तोवर घसरगाडीवाल्यांचे हात रिकामे.