माळकरी घर आणि डोक्यातली अळी

दोन महिन्यांपूर्वी दवाखाना उघडतो न उघडतो तोच सतरा वर्षांच्या एका मुलाला रिक्षात घालून घरचे घेऊन आले. अभ्यासाला बसलेला असताना त्याला आकडी आली होती. आधी उजवा हात झटके देऊ लागला, मग सारे अंग ताठ झाले, दातखीळ बसली. घरच्यांनी रिवाजाप्रमाणे कांदा फोडून नाकाला लावला, चप्पल हुंगवली. (यातले काहीही करू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये आणि पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर तडक रुग्णालय गाठावे.) जिल्ह्याच्या गावी पाठवून सी. टी. स्कॅन केला. मेंदूच्या डाव्या भागात एक लहानशी गाठ निघाली. गाठ म्हटल्यावर आई रडू लागली. ती कॅन्सरची नव्हती, अळीची होती. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची, म्हणजे टेपवर्मची अळी.

हे ऐकून वडील संतापलेच. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तीन पिढ्या गळ्यात माळ आहे. अंडेसुद्धा घरात येत नाही!"

त्यांचा राग मी समजू शकतो, पण रोगाची वाट वेगळी आहे. नीट न शिजलेले, अळ्या असलेले डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा जंत वाढतो. तो काही मीटर लांब होतो आणि त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून हजारोंनी बाहेर पडतात. अशी व्यक्ती उघड्यावर शौचास बसली किंवा तिचा मैला नाल्यात गेला, तर अंडी माती-पाण्यात मिसळतात. ओलसर मातीत ती कित्येक महिने टिकतात. त्याच पाण्यावर पिकलेली भाजी कच्ची खाल्ली की अंडे पोटात जाते. त्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि स्नायूंत, डोळ्यांत किंवा मेंदूत जाऊन बसते. मांस खाणाऱ्याच्या पोटात जंत होतो. न खाणाऱ्याच्या मेंदूत अळी होऊ शकते. अळी वर्षानुवर्षे गप्प असते. ती मरू लागली की भोवती सूज येते आणि आकडी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, या रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या भागांत अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे ही अळी असते.

या मुलाच्या पोटात अंडे कशातून गेले ते शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. एखाद्या हॉटेलातल्या आचाऱ्याच्या न धुतलेल्या हातांतूनही गेले असेल. पण घरची भाजी गावाबाहेरच्या नाल्याकाठच्या मळ्यातली, हे कळल्यावर माझा संशय तिकडेच गेला. तिथली मेथी-कोथिंबीर हिरवीगार आणि स्वस्त. खरे सांगायचे तर आमच्याही घरी ती येत असे.

आंबे कार्बाइडने पिकवलेले आहेत का, असे लोक मला उन्हाळाभर विचारतात. कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. द्राक्षांवरच्या फवारणीची काळजीही रास्त आहे. पण मिसळीवर, भेळेवर, कोशिंबिरीवर भुरभुरलेल्या कच्च्या कोथिंबिरीबद्दल अजून एकानेही विचारलेले नाही. अळीची अंडी तर आहेतच, टायफॉइड, कावीळ, आव यांचे जंतूही याच वाटेने येतात.

जुडी नुसती नळाखाली धरल्याने भागत नाही. मुळे कापून टाकावीत, काड्या सुट्या कराव्यात, मोठ्या पातेल्यात बुडवून खळबळाव्यात आणि तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदलावे. मिठाच्या किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यावर फार विसंबू नये; त्याने ही अंडी मरतीलच असे नाही. ती खात्रीने मरतात आचेवर. काकडी, गाजर, मुळा आधी धुवून मग सोलावा, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. भाजीवाला जुड्यांवर शिंपडतो ते पाणी कुठले, हेही एकदा पाहावे. आणि नखे कापलेली असावीत, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्याची.

आणखी एक. स्कॅनमध्ये अशी अळी निघाली तर दुकानातून जंताच्या गोळ्या आणून स्वतः घेऊ नयेत. अळ्या एकदम मरू लागल्या तर मेंदूची सूज वाढते आणि जिवावर बेतू शकते. सुजेवरचे आणि आकडीचे औषध बरोबर लागते, आणि ते मेंदूच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

मुलाला पुन्हा आकडी आलेली नाही. गोळ्या चालू आहेत, मध्येच बंद करायच्या नाहीत हे घरच्यांना बजावले आहे. गाडी आणि विहिरीतले पोहणे तूर्त बंद, त्यामुळे स्वारी रुसलेली असते. परवा वडील येऊन विचारत होते, पोह्यांवर कोथिंबीर चालेल का? म्हटले, पोहे चुलीवर असतानाच घाला आणि झाकण ठेवून चांगली वाफ येऊ द्या.